हर्बेरियममध्ये काम करायचे आहे : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात सयाजीबागेतील जुन्या वृक्षांवर लेख प्रसिद्ध झाल्यानंतर वडोदऱ्यातील वाचकांची जी पत्रे आली, त्यांतील बऱ्याच पत्रांत झाडांपेक्षा झाडांची नावे ठरवणाऱ्या अभ्यासकांविषयी अधिक विचारणा होती. हे लोक कोण असतात, कुठे काम करतात, त्यांच्यासारखे होण्यासाठी काय शिकावे लागते, असे ते प्रश्न आहेत. म्हणून या वेळचे सदर संपूर्णपणे त्याच विषयासाठी ठेवले आहे.

प्रश्न : आमची मुलगी महाराजा सयाजीराव विद्यापीठात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असून वनस्पतिशास्त्र हा तिचा मुख्य विषय आहे. पुढे संग्रहालयात राहून वनस्पतींच्या वर्गीकरणाचे काम करायचे, असे ती ठामपणे सांगते. सयाजीबागेतल्या संग्रहालयातील देवमाशाचा सांगाडा आम्ही अनेकदा पाहिला आहे. पण वनस्पतींसाठी नेमलेला माणूस संग्रहालयात दिवसभर काय करत असेल, हे आम्हां दोघांनाही उमगत नाही. यावर पोट भरते का? आणि रानावनात हिंडण्याचे काम मुलीला झेपेल का? — एक आई, दांडिया बाजार

उत्तर : हे काम खरे आहे, पगाराचे आहे आणि जगभर चालते, फक्त ते प्रेक्षकांच्या नजरेआड चालते. देवमाशाचा सांगाडा दालनात मांडता येतो, पण वाळवलेली वनस्पती उजेडात ठेवली तर तिचा रंग उडतो आणि किडीला आयते खाद्य मिळते, म्हणून ती बंद पोलादी कपाटांत ठेवावी लागते. अशा संग्रहाला हर्बेरियम म्हणतात. फुला-फळांसह तोडलेली फांदी, किंवा रोप लहान असेल तर ते मुळासकट, दाबून वाळवतात आणि जाड कागदावर चिकटवतात किंवा दोऱ्याने टाचतात. आपल्याकडे या कागदाचे माप साधारण ४२ सेंटिमीटर लांब आणि २८ सेंटिमीटर रुंद असते. कागदाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक चिठ्ठी असते. वनस्पती कुठे, कधी आणि कोणी गोळा केली, ती कशा जमिनीत उगवली होती, फुलाचा रंग कोणता होता, हे सारे त्या चिठ्ठीवर लिहिलेले असते. कागद, वनस्पती आणि चिठ्ठी मिळून एक शीट होते. आपल्या मुलीच्या विद्यापीठातील वनस्पतिशास्त्र विभागाचेही हर्बेरियम आहे आणि जगातील हर्बेरियमांच्या सूचीत ते 'बारो' या संक्षिप्त नावाने नोंदलेले आहे. हावड्याच्या मध्यवर्ती राष्ट्रीय हर्बेरियममध्ये सुमारे २० लाख शीट आहेत, लंडनच्या क्यू उद्यानात सुमारे ७० लाख आणि पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयात त्याहूनही अधिक.

आता दिवसभराच्या कामाविषयी. कपाटांत कीड शिरली नाही ना हे पाहणे, नव्याने आलेले नमुने ओळखून योग्य कुलाच्या आणि प्रजातीच्या (जवळच्या जातींचा गट म्हणजे प्रजाती आणि जवळच्या प्रजातींचा गट म्हणजे कूळ) फाइलीत लावणे, दुसऱ्या संस्थेतील अभ्यासकाने मागवलेल्या शीट नोंद करून पाठवणे, परत आलेल्या तपासून घेणे, शीटची छायाचित्रे घेऊन माहिती संगणकावर चढवणे हा रोजचा भाग झाला. बाहेरूनही विचारणा येतच असते. वनखात्याला एखाद्या रोपाचे नाव हवे असते, आयुर्वेदिक औषधे बनवणाऱ्याला आपण विकत घेतलेली मुळी खरोखर त्याच वनस्पतीची आहे का हे जाणून घ्यायचे असते, शेतकऱ्याच्या बांधावर अनोळखी तण उगवलेले असते. मात्र वर्गीकरण करणाऱ्याचे मुख्य काम याहून सावकाश चालणारे आहे. एखादी प्रजाती किंवा एखादे कूळ हाती घ्यायचे, त्याच्या जगभरच्या संग्रहांतील शेकडो शीट पाहायच्या, कोणती जात कोणत्या लक्षणांनी वेगळी ठरते हे निश्चित करायचे, चुकीची नावे दुरुस्त करायची आणि खरोखरच नवी जात आढळली तर तिचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध करायचे, अशा कामात कित्येक वर्षे जातात.

नवी जात म्हणजे कोणीतरी डोंगरकपारीत धापा टाकत शोधून काढलेली वनस्पती, असे चित्र आपल्या मनात असते. प्रत्यक्षात बहुतेक शोध कपाटात लागतात. फुलझाडांच्या नव्या जाती कशा सापडतात याचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. पहिला नमुना गोळा झाल्यापासून ५ वर्षांच्या आत जिला नाव मिळाले, अशा जाती त्यात केवळ १६ टक्के निघाल्या. जवळजवळ एकचतुर्थांश जातींच्या बाबतीत ५० वर्षांहून जुने नमुने कामी आले होते. व्हिक्टोरिया या अतिविशाल कमळाचेच उदाहरण घ्या. त्याच्या एका जातीचा नमुना क्यूच्या कपाटात १७७ वर्षे दुसऱ्या जातीच्या नावाखाली होता. ती जात स्वतंत्र आहे हे २०२२ साली सिद्ध झाले आणि बोलिव्हिया देशावरून तिला व्हिक्टोरिया बोलिव्हियाना हे नाव मिळाले. जिचे पान ३ मीटरहून अधिक रुंद होते, अशी वनस्पतीसुद्धा पावणेदोनशे वर्षे ओळखली गेली नव्हती. मग आपल्या गवतांत आणि लव्हाळ्यांत काय काय दडलेले असेल, याची कल्पना करावी.

पोट भरते का, याचे उत्तर मोकळेपणाने द्यायला हवे. पद मिळाले तर चांगले भरते, पण पदे थोडी आहेत आणि ती मिळेपर्यंत बरीच वर्षे शिष्यवृत्तीवर काढावी लागतात. श्रीमंत देशांतही ही अडचण आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सुमारे सव्वाआठ लाख नमुन्यांचे आपले हर्बेरियम बंद करण्याचे जाहीर केले, तेव्हा जगभरच्या अभ्यासकांनी त्याचा निषेध केला. त्यामुळे मुलीने हा मार्ग धरावा, पण वर्गीकरणाबरोबर अध्यापनाचे, पर्यावरणविषयक पाहणीचे किंवा संगणकीय नोंदींचे असे दुसरेही एखादे कौशल्य हाताशी ठेवावे, असे माझे मत आहे. आणि झेपेल का म्हणाल, तर १८९७ साली केरळात जन्मलेल्या जानकी अम्माळ यांचे चरित्र घरात सगळ्यांनी वाचावे. मिशिगन विद्यापीठातून १९३१ मध्ये डॉक्टरेट मिळवलेल्या या विदुषीकडे स्वातंत्र्यानंतर भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या पुनर्रचनेचे काम सोपवले गेले, आणि वर्गीकरणशास्त्रासाठी केंद्र सरकार जो राष्ट्रीय पुरस्कार देते तो आज त्यांच्याच नावाने दिला जातो. क्षेत्रभेटी गटाने, परवानगी घेऊन आणि स्थानिक माणूस बरोबर घेऊनच करायच्या असतात. हा नियम मुलांनाही तितकाच लागू आहे.

प्रश्न : मी टी.वाय.ला आहे. एम.एस्सी.नंतर नेमक्या कोणत्या परीक्षा द्याव्यात आणि कुठे अर्ज करावा? मित्र म्हणतात की टॅक्सॉनॉमी (वर्गीकरणशास्त्र) हा मागे पडलेला विषय आहे, आता सगळे डीएनएवर चालते. तेव्हा मी मॉलिक्युलर बायोलॉजीच घ्यावी का? — एक विद्यार्थी, फतेहगंज

उत्तर : आधी परीक्षांचे पाहू. एम.एस्सी. वनस्पतिशास्त्रात करावी आणि जीवशास्त्र विषयातील सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेची तयारी पहिल्या वर्षापासूनच ठेवावी. तिच्यातून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली तर २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे महिन्याला ३७,००० रुपये आणि त्यानंतर ४२,००० रुपये मिळतात, पीएच.डी.चा काळ त्यावर निभावतो. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेतील पदांसाठी केंद्रीय लोकसेवा आयोग आणि कर्मचारी निवड आयोग यांच्या जाहिरातींवर नियमित नजर ठेवावी. १८९० साली स्थापन झालेल्या या संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र १९५५ पासून पुण्यात आहे, म्हणजे आपल्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर. याशिवाय लखनौची राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था, पुण्याची आघारकर संशोधन संस्था, कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आणि १९०६ साली सुरू झालेले मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियम या ठिकाणी वर्गीकरणाची परंपरा आहे. पीएच.डी.साठी मार्गदर्शकाचे नाव पाहावे तसे त्या संस्थेचे हर्बेरियमही स्वतः जाऊन पाहावे. कपाटे नीट लावलेली आहेत का, गेल्या चार-पाच वर्षांत नवे नमुने आलेले आहेत का, हे तासाभरात कळते. जिथे नवे काहीच आलेले नाही, तिथे या विषयात पाच वर्षे घालवू नयेत.

टॅक्सॉनॉमी की डीएनए, हा प्रश्नच तुम्हांला चुकीचा घालून दिला आहे. सपुष्प वनस्पतींच्या कुलांची आज सर्वत्र मानली जाणारी मांडणी डीएनएच्या आधारावरच उभी आहे; तिची पहिली आवृत्ती १९९८ मध्ये आणि चौथी २०१६ मध्ये आली आणि तिच्यात ४१६ कुले आहेत. पण ज्या पानातून डीएनए काढला ते पान कोणत्या वनस्पतीचे होते, हे सांगणारी शीट जर जपून ठेवलेली नसेल, तर त्या साऱ्या खटाटोपाला आधारच उरत नाही. प्रयोगशाळेतील यंत्रे दोन-तीन वर्षांत शिकता येतात. दोन सारख्या दिसणाऱ्या गवतांतील फरक पाहणारी नजर तयार व्हायला त्याहून जास्त काळ लागतो आणि ती पंचविशीच्या आत तयार झालेली बरी. म्हणून आधी वनस्पती ओळखायला शिका आणि मग डीएनएकडे वळा, असा क्रम मी सुचवीन. आपल्या देशातील अनेक हर्बेरियमांत कपाटे अजूनही एकोणिसाव्या शतकातील बेंथम आणि हूकर या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञांच्या पद्धतीने लावलेली आहेत, तेव्हा तुम्हांला जुनी आणि नवी अशा दोन्ही मांडण्या तोंडपाठ असायला हव्यात.

यापुढचा सल्ला मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 'मला वनस्पती ओळखता येतात' असे म्हणणारे उमेदवार पुष्कळ असतात. 'गुजरातमधील लव्हाळे मला ओळखता येतात' असे म्हणणारा क्वचितच भेटतो, आणि त्यालाच बोलावणे येते. एक कूळ निवडा, आणि शक्यतो ज्याच्या वाटेला कोणी सहसा जात नाही असे निवडा. गवते, लव्हाळे, शेर या चिकाच्या झुडपाच्या कुलातील बारीक तणे यांना दिखाऊ फुले नसतात, म्हणून विद्यार्थी त्यांना टाळतात. त्यामुळे त्यांच्या शीट 'अनिश्चित' असा शेरा लागून वर्षानुवर्षे कपाटात राहतात. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याची जी वनस्पतिसूची प्रसिद्ध केली तिच्यात गुजरातही येते, आणि जी. एल. शाह यांची गुजरात राज्याची सूची १९७८ ची आहे. आपण निवडलेल्या कुलापुरत्या या दोन्ही सूची अक्षरशः झिजेपर्यंत वापरा. त्यांतल्या कीवर (एकेका लक्षणावरून नावापर्यंत नेणाऱ्या तक्त्यावर) बोट ठेवून प्रत्यक्ष वनस्पती तपासण्याची सवय लागली की वर्षभरात तुमच्यातला फरक तुम्हांलाच जाणवेल. १ जानेवारी २०१२ पासून नव्या जातीचे वर्णन इंग्रजीतही चालते, तरी जुनी वर्णने वाचण्यापुरती लॅटिन शिकून घ्या. आणि रेखाटन जमत असेल तर ते मुळीच सोडू नका.

प्रश्न : मोबाइलवर फोटो काढला की ॲप क्षणात झाडाचे नाव सांगते. मग या कामासाठी माणसे नेमण्याची गरज पुढे राहील का? — एक निवृत्त अभियंता, कारेलीबाग

उत्तर : ही ॲप उपयोगी आहेत आणि त्यांच्यामुळे झाडांकडे पाहणाऱ्यांची संख्या वाढली, याचा मला आनंद आहे. त्यांची मर्यादा कुठे येते, हे आपल्या ओळखीच्या टाकळ्यावरून दाखवतो. पहिल्या पावसानंतर रस्त्याच्या कडेला दाट उगवणारा टाकळा आपल्या घरांत भाजीसाठी येतो. टाकळा म्हणून जे आपण खुडतो त्यात दोन जाती असू शकतात : सेन्ना टोरा आणि सेन्ना ऑब्ट्युसिफोलिया. दोन्हींना पिवळी फुले येतात, दोन्हींच्या पानात बहुधा पर्णिकांच्या (एका पानातील छोट्या पानांच्या) तीन जोड्या असतात, दोन्हींच्या शेंगा लांब आणि बारीक असतात. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये त्यांना दोन वेगळी नावे दिली होती. पुढच्या अनेक ग्रंथकारांनी मात्र त्या एकत्र केल्या. आता पान हाती घ्या आणि भिंगाखाली पर्णिकांच्या मधला दांडा पाहा. सर्वांत खालच्या जोडीच्या मध्ये एक बारीक, उभी, दाण्यासारखी ग्रंथी दिसेल. तशीच आणखी एक ग्रंथी त्यावरच्या जोडीतही असेल तर ती टोरा. खालच्या जोडीत एकच असेल तर बहुधा ऑब्ट्युसिफोलिया. शेंगेचा देठ टोरात आखूड आणि दुसरीत लांब असतो, त्यावरून खात्री करून घ्यावी.

उभे राहून काढलेल्या फोटोत ही ग्रंथी येत नाही. फोटोत जे आलेच नाही त्यावरून ॲप निर्णय देऊ शकत नाही. ते फक्त आजवर शिकवलेल्या चित्रांशी जास्तीत जास्त जुळणारे नाव पुढे करते. आणि ती चित्रे अचूक नावांनिशी शिकवायलाही आधी कोणीतरी वनस्पती हातात घेऊन ओळखावी लागते. शीटचे मोल इथेच कळते. ५० वर्षांनी कोणी म्हणाले की वडोदऱ्याच्या टाकळ्याची नोंद चुकीची आहे, तर कपाटातून तीच शीट काढून त्याच पानावर भिंग धरता येते. आपण अभियंता आहात, तेव्हा ज्याची पुन्हा तपासणी होऊ शकते अशा मोजमापाचे महत्त्व आपल्याला वेगळे सांगायला नको.

प्रश्न : शाळेत शिकवताना बाभळीचे शास्त्रीय नाव मी कित्येक वर्षे अकेशिया नायलोटिका असे सांगत आलो. आता मुले इंटरनेटवरून दुसरेच नाव काढून दाखवतात. ही नावे पुन्हा पुन्हा का बदलतात? — एक शिक्षक, रावपुरा

उत्तर : आपण जे शिकवत होता ते त्या काळी बरोबरच होते. अकेशिया या एकाच प्रजातीत पूर्वी तेराशेच्या आसपास जाती धरल्या जात. त्या सगळ्या एका वंशाच्या नाहीत, हे पुढे पुराव्याने सिद्ध झाले आणि प्रजाती तोडणे भाग पडले. तेव्हा प्रश्न असा आला की जुने नाव कोणत्या तुकड्याकडे ठेवायचे. नियमाप्रमाणे ज्या जातीवरून प्रजातीचे नाव प्रस्थापित झाले, तिच्याकडे ते राहते. आणि अकेशियाच्या बाबतीत ती जात म्हणजे आपली बाभूळच होती. परंतु सर्वांत मोठा गट ऑस्ट्रेलियातील जातींचा होता. त्या हजाराच्या घरातील जातींची नावे बदलण्यापेक्षा अपवाद करावा, असा निर्णय २००५ मध्ये व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत झाला, आफ्रिका आणि आशियातील अनेक अभ्यासकांनी त्याला कडाडून विरोध केला, आणि २०११ मध्ये मेलबर्नच्या परिषदेत तो कायम राहिला. त्यामुळे बाभूळ आता व्हॅचेलिया नायलोटिका आणि खैर सेनेगालिया कॅटेचू या नावाने ओळखला जातो. बाभळीवर अन्याय झाला, असे मला आजही वाटते. पण नियम सर्वांनी पाळला तरच नावांचा उपयोग आहे, म्हणून मुलांना नवे नाव शिकवावे आणि जुनेही सांगावे, कारण १०० वर्षांच्या बहुतेक ग्रंथांत बाभूळ अकेशिया या प्रजातीतच आहे.

हर्बेरियममध्ये अशा वेळी काय करतात, हेही मुलांना सांगण्यासारखे आहे. शीटवरची मूळ चिठ्ठी कधीही काढत नाहीत आणि खोडतही नाहीत. नवे नाव वेगळ्या छोट्या चिठ्ठीवर लिहून, त्याखाली ठरवणाऱ्याचे नाव आणि साल घालून, ती शेजारी चिकटवतात. एकाच शीटवर कधी कधी अशा चार-पाच चिठ्ठ्या असतात, आणि कोणत्या काळात कोणाचे काय मत होते ते त्यांवरून वाचता येते.

प्रश्न : जुन्या शीटना विष लावलेले असते, असे ऐकले. हे खरे आहे का? — एक विद्यार्थिनी, मांजलपूर

उत्तर : खरे आहे. कीड लागू नये म्हणून पूर्वी वनस्पती मर्क्युरिक क्लोराइडच्या अल्कोहोलमधील द्रावणात बुडवून काढत आणि हा पाऱ्याचा विषारी क्षार त्या शीटवर आजही असतो. हातमोजे घालावेत, खोलीत हवा खेळती असावी, काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत आणि शीटच्या टेबलावर काहीही खाऊ-पिऊ नये. आता त्याऐवजी नमुने काही दिवस अतिथंड कपाटात ठेवून कीड मारण्याची पद्धत अनेक ठिकाणी आली आहे.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. त्याला या पावसाळ्यात स्वतःची पहिली शीट करायची आहे. सुरुवात कुठून करावी? — एक वडील, सयाजीगंज

उत्तर : अंगणापासून किंवा सोसायटीच्या कुंपणापासून करावी. आघाडा घ्यावा, गौरी-गणपतीच्या सुमारास तो फुलात असतो आणि तो कितीही तोडला तरी कमी होत नाही. पावागढला किंवा जांबुघोड्याला जाण्याची घाई नको. जांबुघोडा हे अभयारण्य आहे आणि तिथे वनखात्याच्या लेखी परवानगीवाचून पानही तोडता येत नाही.

लागणाऱ्या वस्तू घरातच आहेत. जुनी वर्तमानपत्रे, दोन सपाट फळ्या आणि त्या आवळायला पट्टा. रोप मुळासकट काढावे, माती झटकावी, वर्तमानपत्राच्या घडीत पाने एकमेकांवर येणार नाहीत अशी पसरावीत आणि एखादे पान मुद्दाम उलटे ठेवावे, कारण लव आणि शिरा खालच्या बाजूने नीट दिसतात. पावसाळ्यात खरी परीक्षा कागद बदलण्याची असते. सुरुवातीचे चार-पाच दिवस रोज सकाळी ओले कागद काढून कोरडे घालावेत. एक दिवस जरी चुकला तरी बुरशी येते आणि पाने काळी पडतात. पुरते वाळलेले रोप उचलून धरले तर वाकत नाही आणि गालाला लावले तर गार लागत नाही.

वही मात्र झाडाजवळ उभे राहूनच लिहावी, घरी आल्यावर आठवून नव्हे. तारीख, जागेचे असे वर्णन की अनोळखी माणूसही तिथे पोहोचेल, जमीन, सावली की ऊन, रोपाची उंची आणि फुलाचा रंग लिहावा, कारण वाळल्यावर रंग राहत नाही. जवळ कोणी जाणकार असेल तर झाडाचे स्थानिक नाव आणि उपयोग विचारून घ्यावा. छोटा उदेपूरकडे गेलात तर राठवा समाजातील वडीलधाऱ्यांना विचारावे आणि सांगणाऱ्याच्या संमतीने ते त्याच्या शब्दांत लिहावे. प्रत्येक नमुन्याला क्रमांक द्यावा आणि तो क्रमांक आयुष्यभर पुढे चालू ठेवावा, पुन्हा एकपासून सुरू करू नये. एकाच वेळी एकाच जागेवरून दोन-तीन रोपे घेतली असतील तर त्या सगळ्यांना एकच क्रमांक द्यावा. त्यांतले एक स्वतःजवळ ठेवून दुसरे विद्यापीठाच्या हर्बेरियमला दाखवायला न्यावे आणि तिथल्या अभ्यासकांनी नाव तपासून दिले की ते आपल्या वहीत त्याच क्रमांकासमोर, तारखेसह लिहून घ्यावे.